पेल्यातली न्याहारी

फोनवर सकाळच्या स्मूदीच्या ज्या कृती फिरत असतात, त्यांतलं निम्मं सामान हिंगोली जिल्ह्यात सहजी मिळत नाही आणि उरलेलं निम्मं फ्रीजशिवाय दोन दिवस तग धरत नाही. ब्लूबेरी, अव्होकाडो, ग्रीक योगर्ट, बदामाचं दूध. कृती परकी असली तरी तिच्यामागची गरज मात्र आपली आहे. कुणाला शाळा गाठायची असते, कुणाला हिंगोलीची एसटी, कुणाला उन्हं वर यायच्या आत शेत. पोहे-उपम्याची वीस मिनिटंही सकाळी जड जातात आणि मग चहात बुडवलेला टोस्ट हीच न्याहारी होऊन बसते. पाच मिनिटांत होईल, पोटाला आधार देईल, साखरेनं ओथंबलेलं नसेल आणि ज्याचं सामान डब्यात महिनाभर राहील, असं काही पिण्याजोगं करता येतं का? नरसी नामदेवसारख्या कयाधूकाठच्या गावातून हा प्रश्न पाहिला की नजर फ्रीजकडे न जाता फडताळाकडे जाते. माझं मत आधीच सांगून टाकतो: टिकाऊ स्मूदीचा पाया भाजलेलं धान्य हा आहे. फळ हाताशी असेल त्या दिवशी घालावं. नसेल तर अडत नाही.

यामागचं कारण साधं असलं तरी स्वयंपाकघरात ते क्वचितच कुणी सांगतं. अख्खी ज्वारी कोठीत वर्षभर राहते. तिचं पीठ काही आठवड्यांत कडसर होतं. बाजरीचं तर त्याहून लवकर, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतच. दाणा फुटला की त्यातलं तेल आणि ते तेल तोडणारं लायपेज हे विकर एकत्र येतात, हवा लागते आणि खवटपणा सुरू होतो. चाळिशीपार जाणारा मराठवाड्याचा उन्हाळा त्याला आणखी घाई करतो. दाणा दळण्याआधी नीट भाजला तर हे विकर निकामी होतं आणि ओलही उडते, म्हणून भाजून दळलेलं पीठ कच्च्या पिठापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. ओट्सच्या डब्यातली युक्ती हीच. ओट्समध्ये तेल बरंच असतं, म्हणून कारखान्यात त्यांना आधी वाफ देतात आणि मगच लाटून चपटे करतात. तसं केलं नाही तर तो महागडा डबाही कडूच निघेल.

ही युक्ती जगभर लोकांनी आपापल्या परीनं शोधून काढली. तिबेटात भाजलेल्या जवाचं पीठ लोणी घातलेल्या चहात कालवतात, त्याला त्साम्पा म्हणतात. इथिओपियात भाजल्या जवाचं बेसो पाण्यात ढवळून पितात, मेक्सिकोत भाजलेल्या मक्याचं पिनोले. बिहारात भाजक्या हरभऱ्याचं सत्तू कांदा, मीठ, लिंबू घालून रस्त्यावर गाड्यांवर मिळतं आणि उन्हात राबणारा माणूस त्याच्यावर दुपारपर्यंत तग धरतो. आपल्याकडे सातूचं पीठ. लांब चालायचं, जवळ चूल नाही, भांडं एकच, अशा प्रवासी माणसांचं हे अन्न. ढवळा आणि प्या. स्मूदीचं तत्त्व यापेक्षा वेगळं काय आहे?

सातू घराघरांत वेगळा असतो. मूळ धान्य जव. पण मराठवाड्यात जव फार पिकत नाही, म्हणून बहुतेक घरांत दोन वाट्या गहू आणि एक वाटी डाळवं असं प्रमाण असतं. गव्हाला पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवायचं, मग चांगले सुकवून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. दाणे तडतडू लागले, एखाद-दुसरा फुलला आणि दातांखाली कुरकुरीत लागला की झाले. डाळवं मुळात भाजलेलंच असतं, त्याला नुसती गरम कढई दाखवायची. जिरं, सुंठ, दोन-चार वेलदोडे. यानंतरची एक गोष्ट अनेक जण उरकून टाकतात आणि तिथंच पीठ बिघडतं: सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच दळायचं. गरम धान्य दळून लगेच डबा बंद केला तर आतली वाफ झाकणाला घाम होऊन लागते, पीठ गोळे धरतं आणि पावसाळ्यात बुरशीही येते. गिरणीत आधी कुणाचं काय दळलं हेही विचारून घ्यावं. मिरचीनंतर लागलेला नंबर सातूला मानवत नाही. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात हे पीठ महिना-दीड महिना चांगलं राहतं. त्याहून जास्त एका वेळी करू नये.

पेल्यात कालवायचीही रीत आहे. पेलाभर ताकात पीठ टाकून ढवळलं तर गाठी होतात आणि मग मिक्सरच हवा असं वाटू लागतं. उलट करायचं. आधी पेल्यात तीन चमचे पीठ, त्यावर तीन-चार चमचेच ताक, चमच्यानं घोटून सरसरीत करायचं आणि मग उरलेलं ताक ओतायचं. दोन मिनिटं थांबलं की पीठ फुगतं. लागलं तर आणखी ताक किंवा पाणी. रवी असेल तर उत्तमच. सकाळी वीज गेली तर मिक्सरच्या स्मूदीवाल्याची न्याहारी चुकते, रवीवाल्याची नाही.

ज्वारीकडे मात्र या प्रश्नात अकारण दुर्लक्ष होतं. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात भज्जीबरोबर मडक्यातली आंबील असते. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली ही आंबील न्याहारीचं पेयच आहे, फक्त रात्रीची तयारी मागतं. आंबवण्याचा फायदा चवीपुरता नाही. धान्यातलं फायटेट लोह-जस्ताला धरून ठेवतं. आंबवल्यानं ते कमी होतं आणि शरीराला लोह जास्त मिळतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण 2018 साली आला. त्यात किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असल्याचं सांगतात. नेहमीच्या वाणांत लोह 30 च्या आसपास असतं. परभणी नरसीपासून फार लांब नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शहरांत भरडधान्यांच्या कुकीजना जेवढं कौतुक मिळालं त्याच्या पावभरही आंबिलीला मिळालं नाही, याची मला थोडी चीड आहे. आंबिलीत वा सातूत लिंबू पिळावं, कारण क जीवनसत्त्वानं धान्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. आणि लगोलग चहा पिऊ नये. चहातलं टॅनिन नेमकं उलट काम करतं. अर्ध्या-पाऊण तासानं प्यावा. एवढं मराठवाड्यात कुणी ऐकेल अशी आशा धरत नाही, पण लिहून ठेवतो.

आता कालवायचं कशात? ताक सर्वांत सोयीचं आणि पचायला हलकं. ज्यांच्या नावानं नरसी ओळखली जाते त्या संत नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातून भाविक नरसीला येतात. पिऊन न्याहारी भागते हे त्यांना नव्यानं सांगावं लागत नाही, लस्सीचेच ते लोक. पण दूध-दही हेच या सगळ्या सामानातलं न टिकणारं. घरी म्हैस असेल तर प्रश्न नाही. नसेल त्यांनी दुधाची भुकटी फडताळात ठेवायला संकोचू नये. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असं पूर्वी तज्ज्ञ म्हणत. आणंदला अमूलनं 1955 मध्ये ती करून दाखवली. साय काढलेल्या दुधाच्या 25 ग्रॅम भुकटीत सुमारे 9 ग्रॅम प्रथिनं असतात. पुडा फोडला की भुकटी लगेच कोरड्या डब्यात काढावी. दमट हवेत ती दगड होते. चहासाठी मिळणारी 'डेअरी व्हाइटनर' नावाची भुकटी वेगळी, तिच्यात बहुधा साखर घातलेली असते. खोक्यातलं टेट्रापॅक दूध न फोडता महिनोन्‌महिने राहतं, पण फोडल्यावर ते साधं दूधच.

स्निग्धतेसाठी शेंगदाणे. हे आपल्याला इतके परिचयाचे आहेत की त्यांच्यातला धोका विसरायला होतो. ओलीत साठवलेल्या दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी येते, तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृताला घातक असतं. भाजल्यानं ते पुरतं जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा एकेक करून काढून टाकायचा. पेल्यात कुटून घातल्यावर कडवटपणा ताकात लपतो, म्हणून आधीच निवडावं. जवसाचं गणित उलटं आहे. अख्खं जवस वर्षभर राहतं, पण अख्खं खाल्लं तर जसंच्या तसं बाहेर पडतं. दळलं तर त्यातलं ओमेगा-3 तेल लाभतं, मात्र तेच तेल हवेला सर्वांत आधी बळी पडतं. मिक्सरच्या छोट्या भांड्यात आठवड्यापुरतं भाजलेलं जवस फिरवावं आणि झाकण उघडल्याबरोबर वास घ्यावा. भाजल्या दाण्याचा खमंग वास हवा. रंगाच्या डब्यासारखा वास आला तर फेकून द्यावं. जवसाचंच तेल रंगात वापरतात, तेव्हा त्या वासाचं नवल नाही. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात शेतकरी अलीकडे चिया लावू लागले आहेत, त्यामुळे तेही आता परदेशी राहिलं नाही. चिया भिजवून अख्खं चालतं आणि चांगलं टिकतं. सब्जाही तसाच फुगतो, पण पोषणात चियाची बरोबरी करत नाही.

हिंगोली जिल्ह्यात खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. मग घरच्या सोयाबीनचं पीठ सातूत का घालू नये, असा प्रश्न कुणीही विचारेल. सोयाबीनमध्ये जवळपास 40 टक्के प्रथिनं असतात, तेव्हा विचार चुकीचा नाही. फक्त कच्चं पीठ कधीही नाही. कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिन-रोधक घटक प्रथिनांचं पचन अडवतात. दाणे भिजवून, उकळून, वाळवून मग भाजावे लागतात. नुसतं वरवर शेकून भागत नाही, आणि हा सगळा खटाटोप ज्याला नको त्यानं डाळव्यावरच थांबावं. डाळव्यात शंभर ग्रॅमला 20-22 ग्रॅम प्रथिनं आहेतच.

फळांकडे येऊ. नांदेडचं अर्धापूर केळ्यांसाठी नावाजलेलं, आणि वसमत तालुक्यातल्या गिरगाव-कुरुंद्याकडेही केळीच्या बागा आहेत. तेव्हा नरसीत केळं मिळणं अवघड नाही. ते टिकवायचं तर फ्रीजरमध्ये चकत्या ठेवता येतात. फ्रीजर नसेल तर वसईकरांचा मार्ग आहे: राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली सुकेळी. सुकेळी इकडे मिळत नाहीत, पण खारीक आणि बेदाणे प्रत्येक किराणा दुकानात असतात. रात्री बी काढून भिजत घातलेल्या दोन खारका सकाळी इतक्या मऊ असतात की रवीनंही फुटतात, आणि मग वेगळा गूळ लागत नाही.

खरी मेख इथंच आहे. पिण्याची न्याहारी बिघडते ती गोडानं. 1977 साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटिश संशोधकांचा एक छोटा अभ्यास छापून आला होता. दहा जणांना सारख्याच कर्बोदकांची सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, लगदा करून आणि गाळलेला रस. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगानं आणि लगद्यापेक्षा चौपट वेगानं संपला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळानं सर्वांत जास्त, लगद्यानं कमी, रसानं सर्वांत कमी आली; आणि रस व लगदा या दोन्हींनंतर रक्तातलं इन्शुलिन अख्ख्या फळापेक्षा जास्त चढलं. स्मूदी म्हणजे लगदा. गाळलेल्या रसापेक्षा ती बरी, चावून खाल्लेल्या फळाच्या खाली. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलीवर थांबा असं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, गूळ, रस यांची मिळून ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण सहा छोटे चमचे. केळं, खारीक, वर गुळाचा खडा आणि पुन्हा एक चमचा मध घातला की पेला पौष्टिक दिसतो, पण ती बासुंदीच असते. गूळ सेंद्रिय असला म्हणून हा हिशेब बदलत नाही.

हळदीबद्दल बोलल्याशिवाय हिंगोलीवरचा लेख पुरा होत नाही. हिंगोलीचा संत नामदेव हळद मार्केट यार्ड राज्यातल्या मोठ्या हळद बाजारांपैकी एक. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि वसमतलाच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्र उभं राहतं आहे. साहजिकच 'गोल्डन स्मूदी'चं खूळ इथंही पोचलं. पण हिशेब मांडून पाहू. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. पाव चमचा म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आत हळद, तिच्यात करक्युमिन वीस मिलिग्रॅमच्या आसपास. मिऱ्यातल्या पायपेरिनमुळे करक्युमिन वीसपट शोषलं जातं हा जो 1998 चा प्रयोग सगळे सांगतात, त्यात माणसांना 2 ग्रॅम करक्युमिन दिलं होतं, म्हणजे आपल्या पाव चमच्याच्या शंभरपट. तेव्हा हळद रंगाला, चवीला आणि गावच्या अभिमानाला घालावी. औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये. एक फायदा मात्र नक्की आहे: इथं हळकुंड समोर दळून मिळतं. रंग यावा म्हणून हळद पुडीत लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उपखंडात उघडकीला आले आहेत, आणि शिसं मुलांच्या मेंदूला फार वाईट.

हिरव्या स्मूदीला मी थोडक्यात निकालात काढतो. शेवग्याची पानं सावलीत वाळवून केलेली भुकटी टिकते, चमचाभर घालायला हरकत नाही, तिच्या नावावर खपवले जाणारे चमत्कार सोडून द्यावेत. कच्च्या दुधी भोपळ्याचा रस मात्र चाखूनच घ्यावा. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं स्पष्ट सांगितलं होतं की रस जराही कडू लागला तर फेकून द्यावा, आणि दुसऱ्या भाज्यांच्या रसात मिसळून पिऊ नये. मिक्सरमध्ये केळं, गूळ, पुदिना असताना कडूपणा कळणार कसा?

विकतच्या डब्यांचा प्रश्न यातच येतो. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'आरोग्य पेय' या गटातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नव्या आहारसूचना आल्या, त्यांत प्रथिनांच्या पूरक भुकट्या टाळा असं म्हटलं आहे. डब्यामागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तीनांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं की डबा परत ठेवावा.

आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला नरसीत दर्शनाची रीघ लागते. त्या दिवशी सातू चालत नाही, पण पेल्यातली न्याहारी चालतेच: राजगिऱ्याच्या लाह्यांचं पीठ, भाजलेल्या दाण्यांचा कूट, दूध किंवा ताक, अर्धं केळं. राजगिरा धान्य नसल्यानं उपवासाला चालतो, आणि गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास असलेल्यांना तर तो बाराही महिने सोयीचा. मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी मात्र बेतानं घ्यावा, त्यात ऑक्झलेट बरंच असतं.

रोजच्या पेल्याचा अंदाज हवा असेल तर असा: तीन मोठे चमचे म्हणजे 30 ग्रॅम सातू, 200 मिली दूध, 15 ग्रॅम दाण्याचा कूट, एक चमचा जवसपूड, भिजवलेल्या दोन खारका. प्रथिनं साधारण 15 ग्रॅम, वेळ पाच मिनिटं, मिक्सर ऐच्छिक. मधुमेहींनी यातली खारीक आणि दूध काढून ताक, जिरेपूड, मीठ, लिंबू आणि कोथिंबीर घालावी. चवीला मला तरी हाच पेला जास्त आवडतो. वयस्कर माणसांना दात नसतील तर सातू थोडा शिजवून पेजेसारखा द्यावा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या पेजेत कुणी प्रेमानं मध घालत असेल तर त्याला थांबवावं, कारण मधातल्या क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बॉटुलिझम होऊ शकतो.